देवपूजेत एक विशेष जास्त

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलं, आजोबांनी दगडांसाठी जेवण सोडलं होतं हे खरं का. तुमच्या आईनं तुम्हाला एवढंच सांगितलं असणार, आणि एवढंच सांगितलं तर ते वेडेपणाचं वाटणारच. आजोबा शेजारी बसले होते म्हणून मी विषय बदलला. आत्ता ते दुपारचे झोपले आहेत, तर लिहूनच टाकते. सगळी नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली, त्यामुळे मला गोष्ट पहिल्या टोकापासून सांगायची सवय आहे. पण ही गोष्ट आठवली की मी अजूनही खुर्चीत धड बसू शकत नाही. मध्ये कुठे इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आधी ते दगड. आमच्या घरात त्यांना कोणी दगड म्हणत नाही, विशेष म्हणतात. आजोबांचं घराणं महानुभाव पंथाचं. या पंथाचे लोक मूर्ती पुजत नाहीत आणि कोणत्याही देवीदेवतेला हात जोडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की परमेश्वर माणसाचा देह घेऊन इथं आला, याच मुलखात हिंडला, बसला, जेवला, निजला. ज्या शिळेवर तो बसला, ज्या पायरीला त्याचा पाय लागला, त्या दगडाचा तुकडा म्हणजे विशेष. आपल्या घरचे सगळे विशेष लिंबापेक्षा लहान आहेत, पिढ्यानपिढ्या हात लागून गुळगुळीत झालेले. आजोबा रोज सकाळी अंघोळ करून ते धुतात, चंदन लावतात, एकेक उचलून कपाळाला टेकवतात, आणि तो ज्या ठिकाणचा असेल त्या ठिकाणाचं स्मरण करतात. परमेश्वर तिथं कुठे बसला, कोणाशी काय बोलला, ते सगळं. हे झाल्याशिवाय त्यांच्या तोंडात अन्न जात नाही.

माझं माहेर मूर्तिजापूरकडचं, फुलांचा मळा करणाऱ्यांचं. माझ्या वडिलांना भजनाचा नाद होता. ते शेवंतीच्या वाफ्यात उकिडवे बसून मला सांगत, "माती बी तोच, शेवंती बी तोच, तोडणारा हात बी तोच." त्यांच्या लेखी जगात देव नसलेली वस्तूच नव्हती. मग मला अमरावतीला मिशनच्या शाळेत घातलं. तिथं सिस्टर सांगत की प्रार्थनेनं पावाच्या तुकड्याचं देवाचं शरीर होतं. मी वसतिगृहाच्या कॉटवर पडून विचार करायची, की माझ्या वडिलांच्या हिशेबानं तो पाव आधीपासूनच देव होता, मग प्रार्थनेनं वेगळं काय झालं?

लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा तिसरंच ऐकलं. मी नवीन होते आणि मला प्रश्न विचारायची खोड होती. सासऱ्यांना विचारलं, "हा दगड म्हणजे देव का?"

ते म्हणाले, "दगड हा दगड. तो देव होत नाई, कधी होनार बी नाई. हे जग वेगळं, जीव वेगळा, देवता वेगळ्या, परमेश्वर वेगळा. एकाचं दुसरं होत नसते."

"मग नमस्कार कशाला करायचा?"

"त्याचा हात लागला म्हनून."

"पण हात लागल्यानं दगडात काही बदललं का?"

"काईच नाई बदललं," सासरे म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले. हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. आजही पटलं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते डोक्यातून गेलंही नाही. पंथाचा उपदेश, म्हणजे गुरूकडून नाम, मी कधी घेतला नाही. सासरच्यांनी सक्तीही केली नाही. मात्र उपदेश नसलेल्यानं विशेषांना हात लावायचा नाही, एवढा नियम मी आजवर पाळला. चंदन उगाळून द्यायची, पाणी भरून द्यायची, आणि बाजूला व्हायची.

हे लांबण लावलं, कारण यामुळेच पुढचं घडलं.

दिवाळीनंतर आम्ही अकोल्याचं घर सोडलं. जिना आजोबांच्या गुडघ्यांना झेपेना आणि डॉक्टर अमरावतीला, म्हणून अमरावतीत लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. सामानाची बांधाबांध मी केली. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहिलं. तुमची आई हसली होती, आठवत असेल. फक्त देवपूजा, म्हणजे विशेषांचा तो सगळा संच, मला बांधता येत नव्हती, आणि आजोबांचे हात कंप पावतात. म्हणून आजोबांच्या थोरल्या बहिणीला बोलावलं. त्यांना मी बाई म्हणते. त्या अंजनगाव सुर्जीला दिलेल्या. त्यांच्या सासरी पिढीजात पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. त्या येताना ओल्या फडक्यात पानं घेऊन आल्या, आल्याआल्या माझी खोकी पाहिली आणि म्हणाल्या, "अवं मास्तरीणबाई, आता बापूच्या कपायावर बी लिहून ठेव, आत काय हाय ते." बापू म्हणजे आजोबा. सकाळी अंघोळ करून त्यांनी देवपूजा बांधली आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या. मला वाटलं होतं, दोन दिवस राहतील.

नव्या घरातल्या पहिल्या सकाळी मी गॅसची नळी नीट बसली का ते पाहत होते, तर आजोबांनी आतून हाक मारली.

"इकडे ये जरा. मोज."

पाटावर धुतलेले विशेष मांडले होते. मी लांबूनच मोजले. आठ होते.

"सात होते," आजोबा म्हणाले.

"मग चांगलंच आहे की. एक हरवला असता तर?"

"हरवला असता त रडलो असतो. आता काय करू तेच समजून नाई राहिलं."

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं रोज हातात घेतलेले दगड ओळखू येत नाहीत का? मीही तेच म्हटलं. अकोल्याला विशेष एका लाकडी तबकात असत. प्रत्येकासाठी कापसाचं एक घर केलेलं होतं. आजोबा हात घालत तो जागेवर. पहिल्या घरातला अमक्या ठिकाणचा, दुसऱ्या घरातला तमक्या. बाईंनी ते सगळे एका फडक्यात बांधले होते. जागा मोडली, तशी ओळखही मोडली. "मी त्याईले जागेवरून ओळखत होतो, तोंडावरून नाई," आजोबा म्हणाले. शिवाय हा आपला मुलूख सगळा काळ्या पाषाणावर बसलेला. विशेष त्याचे, रस्त्यावरची खडी त्याची, आणि पाटावरवंटाही त्याचाच.

आजोबांना छळत होती ती वेगळीच गोष्ट. ते जन्मभर माती तपासायच्या प्रयोगशाळेत होते. शेतांमधून मातीचे आणि दगडांचे नमुने आणत. निवृत्तीनंतरही त्यातले पाच-सहा गोटे अकोल्याच्या खिडकीत पडलेले असत, देवघराच्या खिडकीत. बाईंची नजर आता अधू आहे. त्यातला एखादा त्यांनी विशेष समजून उचलला असेल, असं आजोबांच्या मनानं घेतलं.

"ज्याच्यावर मी आम्ल टाकून फेस येते का पायलं, त्याले कपायाला लावू?" ते म्हणाले.

"मग एक काढून ठेवा बाजूला."

"कोनता?"

परमेश्वराचा हात न लागलेल्या दगडाला नमस्कार केला, तर तो नुसत्या दगडाला केलेला नमस्कार. त्यांच्या पंथात हा मोठा दोष. आणि हात लागलेला एखादा बाहेर ठेवला, तर त्याहून मोठा. त्या दिवशी त्यांनी सगळे तसेच फडक्यात गुंडाळले आणि नुसते हात जोडले. मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळी म्हणाले की आता उद्या. नमस्कार पुरा होत नाही तोवर एक वेळच जेवायचं त्यांनी ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं.

त्यांना मधुमेह आहे हे तुम्हाला माहीत आहे. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवायचं नसतं. मी आधी शांतपणे सांगितलं, मग शांत नसलेल्या पद्धतीनं सांगितलं. डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, समजावून सांगा. जणू काही मी तोवर गाणं म्हणत होते. आठवडाभरानं एका संध्याकाळी ते लिफ्टमध्ये भिंतीला पाठ लावून खाली बसले. घाम फुटला होता, बोलणं अडखळत होतं. वॉचमननं आणि मी त्यांना वर आणलं, साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासानं ते नेहमीसारखे बातम्या पाहायला बसले. मी मात्र बसू शकले नाही. उघडलेल्या आणि न उघडलेल्या खोक्यांमधून नुसती हिंडत राहिले. एक खोकं उघडावं, दोन वाट्या काढाव्यात, पुन्हा ठेवाव्यात. एका दगडानं, तोही कमी नसून जास्त झालेल्या, माझं घर लागू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. छोटा, आकडे दाखवणारा, तुमच्या आईनं पाठवलेला.

"यावर एकेक ठेवा. मी हात लावत नाही. वजन पाहू, फोटो काढू. तुमच्या नमुन्याचा दगड शेतातला, तो वेगळा निघेल."

"जुन्या सातांचं वजन तुले माहीत हाय?"

"नाही."

"मंग कशाशी ताडशीन?"

"निदान काहीतरी कळेल."

"अवं, साखर मोजून राहिली का तू?" ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले होते, म्हणून मला जास्तच राग आला. "मी जन्मभर काट्यावर दगड ठेवले. दगडाचं जे काई काट्यावर येते, ते मले माहीत हाय. मले पाह्यजे ते काट्यावर येत नाई."

"जे कशावरच येत नाही, ते आहे हे तरी कशावरून?"

"कोनी कोनाच्या हाती देल्लं, त्याच्यावरून," ते म्हणाले. "बापानं मले देल्लं. त्याच्या बापानं त्याले. दुसरं काई नाई त्यात."

मी काटा परत नेऊन ठेवला. त्यावर डाळ मोजली, तीसुद्धा करायची नव्हती.

बाईंना मी आधीच फोन केला होता. लिफ्टच्या प्रसंगाआधी. आजोबांनी मना केलं होतं. थोरल्या बहिणीनं देवपूजा चुकीची बांधली असं सुचवणं म्हणजे तिचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. मी आडून आडून विचारलं, "बाई, बांधताना खिडकीतला एखादा गोटा तर आला नसेल ना? एक जास्त भरतोय."

बाई म्हणाल्या, "मी काय तुयासारखी मोजून बांधतो का, मास्तरीणबाई?" आणि फोन ठेवला. आजोबांच्या जेवणाचं मी त्यांना सांगितलं नाही.

आजोबा मला घेऊन रिद्धपूरला गेले. ते त्यांच्या पंथाचं मोठं ठिकाण, इथून फार लांब नाही. तिथल्या एका मठात काळ्या वस्त्रातले म्हातारे महंत भेटले. आजोबांनी दंडवत घातला आणि सगळं सांगितलं. महंतांनी विशेष पाहायलाही मागितले नाहीत. म्हणाले, "पाहून मला काय कळणार? ज्यानं बांधलं त्याला विचारा." आजोबा म्हणाले, बहिणीला कसं विचारू. महंत म्हणाले, "मग उपाशी राहा." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

तर आम्ही अंजनगावला गेलो. आजोबांनी विशेष फडक्यात बांधून, छातीशी धरून नेले. बसमध्ये कोणी शेजारी बसायला आलं की ते अंग चोरून घेत.

बाईंच्या घरी आता मुलाचा आणि सुनेचा संसार आहे. बाई मागच्या खोलीत असतात. तिथंच त्यांची वेगळी शेगडी, दोन पातेली, लोखंडी पेटी. सून चांगली आहे, बोलघेवडी. तिनं पुढच्या खोलीत मोठं देवघर केलं आहे. मधोमध देवी, शेंदूर, नारळ, लाल कापड, बारीक दिव्यांची माळ. आजोबा तिथून जाताना भिंतीकडे पाहत गेले. पंथातल्या माणसानं तिथं हात जोडायचे नसतात, आणि भाचेसुनेचं मन मोडायचं नसतं, तर भिंत पाहणं बरं.

बाईंनी भाऊ येणार म्हणून आपल्या शेगडीवर वांग्याची भाजी, भाकरी, शेवयांची खीर केली होती. पाट मांडले. आजोबा पाटावर बसले आणि म्हणाले, "मी काल जेवलो, बाई. आज संध्याकायी पाहू."

"काल जेवला म्हंजे? आज पोट नाई का?"

"एक वेय जेवतो सध्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काहून वं? डाक्टरनं सांगतलं का?"

आजोबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मी गप्प राहिले नाही. "नमस्कार पुरा होत नाही म्हणून," मी म्हटलं. "सातांचे आठ झाले आहेत, त्यातला खोटा कोणता ते कळत नाही. त्या दिवसापासून हे असं चाललंय. लिफ्टमध्ये पडले."

बाईंच्या हातात भाकरी होती. ती त्यांनी ताटात ठेवली नाही, पुन्हा तव्यावर टाकली. शेगडी बंद होती.

"खोटा नाई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खोटा नाई म्हनतो मी. कोनताच नाई. तो माया हाय."

त्यांचा, म्हणजे बाईंचा स्वतःचा. लग्नात वडिलांनी त्यांना एक विशेष दिला होता, आठांतला एक, हे आजोबांना ठाऊक होतं, मलाही होतं. पण तो अंजनगावला आहे हे आम्ही इतकं धरून चाललो होतो, की त्या वाटेला विचार गेलाच नाही. घरदार विकून टाकणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. पण आपला विशेष गुपचूप परत आणून ठेवणारं कोणी असेल असं आजोबांना स्वप्नातही आलं नसतं.

"तुयाकडचा? काहून पन?" आजोबा म्हणाले. "अन् सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? का माया घरी त्याले ठाव नाई, असं सांगू? तुया भाऊजीच्या घरी?" बाई आता शेगडीकडे तोंड करून बोलत होत्या. "मले वाटलं, फडक्यात साऱ्याईसंगं बांधला का तू करशीन नमस्कार. जे हाय ते करशीन. तू मोजत बसशीन, हे मले काय मालूम. लहानपनापासून तुले मोजाची खोड. आंबे बी मोजे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाईंना धड दिसत नाही, सकाळची अंघोळ उशिरा होते, पण तेवढ्यासाठी त्यांनी विशेष दिला नसता. झालं असं की एकदा त्या तापानं पडल्या. सुनेनं पेटी आवरताना रेशमी फडक्यातला दगड पाहिला. देवाचाच असणार हे तिनं ओळखलं, आणि पुढं देवघरात नेऊन त्याला शेंदूर लावला, हळदीकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला. सासूचा देव उपाशी राहू नये म्हणून.

"ती वाईट नाई," बाई म्हणाल्या. "वाईट असती त मले इतकं भेव नसतं वाटलं. फेकून देल्ला असता त मी उचलून आनला असता. ती त्याची देवी करते, बापू. मी गेल्यावर त मंग झालंच. मी तीन दिवस तो शेंदूर काढत होतो. खोबऱ्याच्या तेलानं."

दाराशी सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे वळली, कारण त्या खोलीत तिच्या बाजूचं कोणी असलं तर ती मीच, असं तिला वाटलं असावं.

"मामीजी, तुमी शिकलेल्या हात, तुमीच सांगा. मी काय पाप केलं का? देवच होता नं तो? मंग शेंदूर लावला काय अन् चंदन लावलं काय."

माझ्या वडिलांनी तिला जवळ बसवून घेतलं असतं. तिचं म्हणणं शब्दाशब्दाला त्यांचं होतं. सासऱ्यांनी मात्र चष्मा काढून ठेवला असता आणि एकाचं दुसरं होत नसतं, हे तिला सुनावलं असतं. मी या दोघांच्या मध्ये आयुष्य काढलं आहे. मी तिला म्हटलं, "पाप नाही केलंस." बाईंनी झटकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सुनेच्या हातातला तांब्या घेऊन आत ठेवला. हे उत्तर अर्धंच होतं. दुसरं अर्धं मला आजही सापडलेलं नाही.

आजोबांना या कशात रस नव्हता. त्यांनी फडकं सोडून आठही विशेष पाटावर मांडले. हात कापत होते, तरी एकही गडगडला नाही. "दाखव," ते बाईंना म्हणाले. "तुया कोनता तो सांग. तो पयल्या घरात ठेवतो."

बाई म्हणाल्या, अंघोळ केल्याशिवाय कसा हात लावू. मग भर दुपारी सुनेनं पाणी तापवून दिलं, बाई अंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून आल्या. ताटातली भाजी गार झाली होती. त्यांनी एकेक उचलला, अंगठ्यानं चाचपला, डोळ्यांजवळ नेला, खाली ठेवला. आठव्यानंतर पुन्हा पहिला घेतला. आजोबा पुढे वाकून बसले होते, मी दारात उभी होते.

"नाई सांगता येत," बाई म्हणाल्या.

"बाई, जन्म गेला तुया हातात."

"माया घरी एकटा होता, तवा ओयखू ये. एकटाच होता त मंग ओयखाचं काय. आता साऱ्याईत गेला."

"ठिकान त आठवते नं?"

"ठिकान काहून नाई आठवनार?" बाईंना राग आला. त्यांनी मग पहिला विशेष कपाळाला लावला आणि आपल्या ठिकाणाचं स्मरण म्हटलं, वडिलांनी शिकवलं होतं तसं, कुठेही न अडखळता. दुसरा उचलला, पुन्हा तेच म्हटलं. तिसरा उचलला, पुन्हा तेच. आठांपैकी एक तरी बरोबर येणारच होता. आजोबा आधी गोंधळले, मग त्यांचेही ओठ हलायला लागले. बाईंकडून ते स्मरण ते शिकून घेत होते. ते संपल्यावर बाईंनी आठही विशेष त्यांच्या ओंजळीत दिले. मोठ्यानं म्हणाल्या, "मी देल्लं. ऐकलं का तुमी दोघाईनं? मी देल्लं."

मग त्यांनी भाकरी गरम केली. आजोबा दोन भाकरी जेवले आणि खीर मागून घेतली. बाई समोर बसून वाढत होत्या, पण डोळे त्यांच्या ताटाकडे नव्हते, त्यांच्या शेजारी ठेवलेल्या फडक्याकडे होते. निघताना मी त्यांना म्हटलं, "अमरावतीला या राहायला. रोज दिसेल." त्या म्हणाल्या, "तुया घरी लिफ्ट हाय. मले त्यात कोंडल्यासारखं होते." मग सुनेनं मला हळदीकुंकू लावलं. बाईंनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

एवढी ती गोष्ट. आजोबा आता दोन्ही वेळा जेवतात, तुमच्या आईला तसं सांगा. मात्र एक झालं आहे. कोणता विशेष कोणत्या ठिकाणचा हे आता त्यांना एकाचंही खात्रीनं सांगता येत नाही. बाईंची रीत त्यांना एकदम पटली. ते प्रत्येक विशेष हातात घेऊन आठही ठिकाणांचं स्मरण करतात, मगच तो खाली ठेवतात. कुठलाही आपल्या ठिकाणावाचून राहू नये म्हणून. पूर्वी माझा चहा उकळेपर्यंत आटोपणारी पूजा आता ऊन बाल्कनीतून आत येईपर्यंत चालते. बाई रोज फोन करून विचारतात, "झाला का?" मी सांगते, "नाही अजून." त्या म्हणतात, "होऊ दे, होऊ दे," आणि फोन चालूच ठेवतात. मी तो देवघराच्या उंबऱ्यावर ठेवून देते.

मला उपदेश नाही. मी आधी जेवले तरी कोणी काही म्हणणार नाही. पण खाल्लं जात नाही. मी पोळ्या झाकून ठेवते, गोळी आणि पाण्याचा पेला टेबलावर काढते, गोळीची वेळ झालेली असते. ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फिरत मी ऐकत राहते. एकदा वाटतं, संपलं. मग दगड पाटावर ठेवल्याचा बारीक आवाज येतो, दुसरा उचलला जातो, आणि आजोबा पहिल्या ठिकाणापासून पुन्हा सुरुवात करतात.